मोठ्यांनी पुन्हा शिवाशिवी-लगोरी खेळायची तर: जागा, नियम आणि तोंडातून न निघणारं ‘आऊट’

भिडू_हवेत (मूळ प्रश्न)

आठवड्यातून एकदा, सकाळी एक तास. १४ ते १८ माणसं, वय ३० ते ५५, सपाट गवताचं मैदान. क्रिकेट-फुटबॉल नको. शिवाशिवी, विषामृत, साखळी, लगोरी, लंगडी असले खेळ हवेत. प्रश्न तीन आहेत.

१) किती जणांना किती जागा, आणि कुठला खेळ आधी घ्यायचा? नियम सगळ्यांना अर्धे-अर्धे आठवतात आणि प्रत्येकाचा अर्धा वेगळा असतो.

२) दहाव्या मिनिटाला कोणीतरी पोटरी धरून खाली बसतो. हे टाळायचं कसं?

३) हा खरा प्रश्न. मोठी माणसं खेळताना भांडतच नाहीत. मारणारा म्हणतो, “बहुतेक लागला, पण असू दे.” ज्याला लागला तो म्हणतो, “नाही नाही, मी जातो ना बाहेर.” दोघंही सभ्य, आणि डाव तिथेच मेला. पोरं हाच निकाल दोन आरोळ्यांत लावून पुढे पळतात. तो रोखठोकपणा मोठ्यांच्या खेळात आणायचा कसा? नाटकी न होता.

काही जण पुढे मुलांनाही घेऊन येतील, तेव्हा त्याबद्दलही सांगा.

---

चुन्याची_रेघ

आधी जागा ठरवा, खेळ नंतर. मोठ्यांच्या खेळातली पहिली चूक म्हणजे अख्खं मैदान वापरणं. ज्याच्यावर राज्य आहे तो एका ताज्या भिडूमागे ४० मीटर पळतो, दोनदा हुकतो, तिसऱ्यांदा गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो आणि बाकीचे तोवर गप्पा मारायला लागतात. शिवाशिवीला १२ जणांसाठी साधारण १५ बाय १८ मीटरचा चौकोन भरपूर झाला. ढोबळ हिशेब माणशी २० ते २५ चौरस मीटर. त्याहून फार कमी केलं तर टकरी होतात. कोपऱ्यांना पिशव्या ठेवा, दगड नकोत. रेघेबाहेर सगळीकडे किमान ३ मीटर मोकळे सोडा. ‘भिंतीला हात लावला की सुटला’ हा नियम पोरांचा आहे, ८० किलोच्या माणसाचा वेग भिंतीशी मनगटातच थांबतो. भोज्या हवाच असेल तर जमिनीवर आखलेलं वर्तुळ घ्या.

विषामृत. एकच विष ठेवलं तर खेळ कधीच संपत नाही, कारण ते दुसऱ्याला गोठवेपर्यंत पहिल्याला कोणीतरी अमृत देऊन मोकळं केलेलं असतं. पाच-सहा माणसांमागे एक विष ठेवा, म्हणजे १५ जणांत तीन. डाव दोन मिनिटांचा, संपताना किती जण गोठलेले आहेत तेवढे विषाचे गुण. अमृत देताना पायांखालून सरपटत जायची जुनी पद्धत सोडून द्या आणि दोन्ही तळव्यांवर टाळी ठेवा. विष गोठलेल्याच्या शेजारी राखण करत बसतं, म्हणून गोठलेल्यापासून तीन पावलं लांब राहायचं, हे आधीच सांगून टाका.

साखळी. चार जण झाले की तोडून दोन-दोन करायचे, याला अपवाद नाही. पाच-सहा जणांची साखळी वळते तेव्हा मधला जवळजवळ उभा असतो आणि टोकाचा फेकला जातो. हातात हात धरा. बोटांत बोटं अडकवली तर पडणाऱ्याला हात सोडवता येत नाही. शिवायचा हक्क फक्त दोन टोकांच्या मोकळ्या हातांना.

लगोरी नीट मांडली तर मोठ्यांना सगळ्यात चांगली जमते, कारण तिच्यात पळण्याइतकीच नेमबाजी आहे. सात चकत्या घ्या. तळाची साधारण १२ सेंटीमीटर, वरची ६, मधल्या उतरत्या, जाडी प्रत्येकी २ सेंटीमीटरच्या आसपास. चपटे दगड चालतात, पण मोडलेल्या मनोऱ्याचे दगड गवतात दिसत नाहीत आणि त्यांच्यावर पाय पडून घोटा मुरगळतो. रबरी चटईचे तुकडे मऊ म्हणून लोक कापून आणतात, तो प्रयोग फसतो. रबराला रबर धरून राहतं, चेंडू लागला तरी मनोरा नुसता हलतो. कडा घासून गोल केलेलं आणि भडक रंग दिलेलं जाड प्लायवूड उत्तम.

चेंडू टेनिसचाच. त्याचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम, क्रिकेटचा चामडी चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, म्हणजे जवळपास तिप्पट. मोज्यांचा किंवा चिंध्यांचा चेंडू लागत नाही म्हणून सुचवला जातो, पण त्याला टप्पा नाही. मग ‘मनोरा चुकला आणि एक टप्पा पडून झेल घेतला तर फेकणारा बाद’ हा नियमच गळतो आणि फेकणारा बिनधास्त जोरात मारायला लागतो. टप्पा हवाच. एकाला तीन फेकी, अंतर मोठ्यांना ६ मीटर.

मनोरा मोडल्यावर जी धुमश्चक्री होते तिच्यासाठी तीन नियम पाठ करून घ्या. चेंडू कमरेच्या वर लागला तर बाद धरायचं नाही. चेंडू हातात असताना तीनपेक्षा जास्त पावलं टाकायची नाहीत, पास द्यायचा. आणि मनोऱ्याभोवती एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखून त्यात मारणाऱ्या संघाला प्रवेश नाही. चकत्या रचायला वाकलेलं डोकं आणि चेंडू अडवायला आलेला गुडघा यांची गाठ पडते ती तिथेच. रचून ‘लगोरी!’ ओरडायला ९० सेकंद द्या.

आता राज्य कोणावर हे ठरवायचं चकून, म्हणजे एकदम तळहात टाकायचे आणि जो एकटा वेगळा पडेल तो सुटला. सगळे १५ जण एकदम हात टाकत बसतात आणि ‘परत, परत’ करत पाच मिनिटं जातात. यामागे साधं गणित आहे. तळहात पालथा की उताणा, दोनच शक्यता. तिघांत एक जण वेगळा पडण्याची शक्यता ४ पैकी ३. चौघांत २ पैकी १, सहा जणांत १६ पैकी ३, आणि दहा जणांत शंभरात दोनदा. पोरं तिघातिघांत चकतात ते उगाच नाही. शेवटी दोघंच उरले की आधी सुटलेला एक जण मदतीला हात टाकतो. तोच वेगळा पडला तर परत.

मोजणीच्या गाण्यावर राज्य ठरवू नका. गाण्यात १६ ठोके असतील आणि भिडू सात, तर सुरुवात जिथून केली तिथून दुसऱ्यावरच येणार, दर वेळी. आठ वर्षांच्या मुलालाही हे कळतं. म्हणून तर मोजणारा कोण यावरच भांडण होतं.

---

टाच_वर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. या खेळांत सलग पळणं नाही. उभं असतानाचा एकदम झटका, अचानक थांबणं, मागे बघत वळणं एवढंच आहे, आणि रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याच्या पायालाही याची सवय नसते. झटक्याचा भार पोटरीवर आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर येतो, लांब ढांगांचा मांडीच्या मागच्या स्नायूवर.

येण्याआधी प्रत्येकाने घरी एक चाचणी घ्या. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, टाच पूर्ण वर, पूर्ण खाली. सलग २० ते २५ वेळा जमायला हवं. दहालाच पोटरी थरथरायला लागली, किंवा दोन पायांत पाच-सहाचा फरक पडला, तर लंगडी आणि झटक्याचे खेळ सध्या नाहीत. आठवड्यातून तीन दिवस हाच व्यायाम करा. गुडघा, हृदय किंवा रक्तदाबाचं काही चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिले दोन आठवडे फक्त चालती शिवाशिवी. एक पाऊल कायम जमिनीवर, दोन्ही उचलली गेली की राज्य तुमच्यावर. ऐकायला मिळमिळीत वाटते, पण ८ बाय ८ मीटरमध्ये दहा जण खेळून बघा. धाप लागते, हसू येतं आणि कोणाचंही काही ओढलं जात नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पळती शिवाशिवी आणि विषामृत, पाचव्यापासून लगोरी. लंगडी सगळ्यात शेवटी. एका पायावर उडी मारून उतरताना शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार त्या एका पायावर येतो, तोही दर उडीला. लंगडी घालणाऱ्याला २० सेकंद, मग पुढचा. भोज्यावर येऊन पाय बदलायची मुभा द्या. स्पर्धेत ती नसते, पण इथे स्पर्धा नाही.

सुरुवातीची १२ मिनिटं सोडायची नाहीत. पाच मिनिटं भरभर चाल, मग गुडघे वर घेत, टाचा मागे मारत, आडवं सरकत. शेवटी १५ मीटरच्या सहा धावा. पहिल्या दोन निम्म्या वेगात, पुढच्या दोन पाऊण, शेवटच्या दोन जवळजवळ पूर्ण. उभ्याने ताण देऊन थांबून राहायचे व्यायाम शेवटाला ठेवा.

उंच मऊ तळव्याचे धावायचे बूट सरळ पळायला असतात. कडेला वळताना पाय त्यांच्यावरून घसरतो आणि घोटा मुरगळतो. सपाट तळव्याचे घाला. गवत दवाने ओलं असेल तर चौकोन आणखी लहान करा किंवा अर्धा तास थांबा.

एक खूण सगळ्यांना माहीत हवी. पळताना टाचेमागे कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, कधी ‘टप्’ असा आवाज आला, मागे वळून बघितलं तर कोणीच नाही, आणि चवड्यावर उभं राहता येत नाही. शीर तुटल्याची ही खूण आहे. चोळायचं नाही, चालून बघायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय सारखे दुखतात ते वेगळं, ते दोन-तीन दिवसांत जातं. छातीत दाब आला किंवा चक्कर आली तर खेळ तिथेच बंद करून ताबडतोब मदत बोलवा.

---

रडीचा_डाव

पहिल्या आठवड्यापासून एक पंच उभा करा. सगळे प्रश्न सुटतील.

---

पारावरून

पंच नको, याबाबत मी ठाम आहे. ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने रस्त्यावरच्या आणि शाळेच्या मैदानातल्या खेळांच्या नोंदी वर्षानुवर्षं केल्या. त्यांचं निरीक्षण असं की, मुलांना आपल्या खेळात पंच क्वचितच लागतो, गुण मोजायची त्यांना फारशी पडलेली नसते आणि डाव अर्धवट राहिला तरी ती खंतावत नाहीत. पंच आला की निकालाची जबाबदारी त्याच्यावर जाते आणि भिडू गप्प बसतात. भिडू_हवेत यांची तक्रारच भिडू गप्प असल्याची आहे.

पोरांचा रोखठोकपणा हा स्वभावाचा गुण म्हणून बघू नका. तो खेळाचा एक भाग आहे, लगोरीतल्या चेंडूसारखा. पोरांकडे प्रत्येक पेचासाठी एक तयार, तोकडा शब्द असतो: आऊट. टाइमप्लीज. रडीचा डाव. डाव परत. साईसुट्ट्यो. यातला एकही शब्द माणूस कसा आहे हे सांगत नाही, आत्ता काय झालं तेवढंच सांगतो. म्हणून तो ओरडता येतो आणि लगेच विसरताही येतो. मोठी माणसं त्या जागी पूर्ण वाक्य घालतात, त्यात ‘बहुतेक’ येतं, कारण येतं, माफी येते. ‘असू दे’ ऐकायला उदार वाटतं, पण त्याचा अर्थ ‘मी निकाल देणार नाही, तो तुझा तू ओळख’ असा होतो. समोरच्यावर ओझं टाकलं ना?

तेव्हा करायचं काय? शब्द परत आणायचे. बुद्धिबळात ‘शह’ म्हणताना कोणाला संकोच वाटत नाही, कारण तो शब्द खेळाने दिलेला असतो. डाव सुरू होण्याआधी हे ठरवून घ्या:

– ज्याने मारलं किंवा शिवलं त्याने ‘आऊट’ ओरडायचं. मोठ्यांदा आणि लगेच. नंतर आठवलं तर गेलं.
– ज्याला लागलं त्याला एकदाच ‘नाही’ म्हणता येईल. कारण सांगायचं नाही.
– ‘नाही’ आलं की ‘डाव परत’. तिसऱ्याने मत द्यायचं नाही, त्याने काहीही पाहिलेलं असो.
– ‘बहुतेक’, ‘असू दे’ आणि ‘सॉरी’ हे शब्द मैदानात बंद. जो म्हणेल त्याच्यावर राज्य. ‘सॉरी’ खरंच कोणाला लागलं तरच.

चौथा नियम सगळ्यात जास्त काम करतो, कारण सभ्यपणाच महाग पडायला लागतो. कोणी दर वेळी ‘नाही’ म्हणत असेल तर ‘रडीचा डाव’ हा शब्द आहेच, आणि तो हसत म्हणता येतो, हीच त्याची खुबी.

ज्याला लागलं त्याच्याच शब्दावर निकाल सोडायचा मोह होतो. नको. मग प्रामाणिक भिडू सारखा बाहेर बसतो आणि चलाख आत राहतो, आणि कोणी बोलत नसल्यामुळे ते महिनोन्‌महिने चालतं.

---

भिडू_हवेत

‘असू दे’ला राज्य, हे फारच आवडलं. आता मुलांचं सांगा. सहा ते बारा वयाची पाच-सहा मुलं असतील. “काका, तुम्ही जाड आहात, तुम्ही आमच्यात नको” हे ऐकू येणार, हे गृहीत धरतो.

---

पारावरून

आधी एक गैरसमज. मुलं सगळं खरंच बोलतात असं नाही. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नाकावर लाल डाग असलेला माणूस ३ ते ७ वर्षांच्या मुलांना ‘फोटोसाठी मी ठीक दिसतोय ना?’ असं विचारायचा. बहुतेक मुलं ‘हो’ म्हणाली. तो गेल्यावर दुसऱ्याने विचारलं तेव्हा मात्र बहुतेकांनी ठीक दिसत नव्हता असं सांगितलं. म्हणजे समोरच्याचं मन राखायची कला बालवाडीतच येते. खेळात ती बाजूला पडते, कारण तिथे खोटं बोललं तर डाव बिघडतो.

म्हणून ‘तुम्ही जाड आहात’ हे वाक्य आधी त्यातल्या माहितीसाठी ऐका. त्याला कळलंय की तुम्ही हळू आहात आणि तुमच्या बाजूचा संघ हरेल. हसून उडवू नका, ‘असं बोलू नये’ हेही लगेच नको. उत्तर खेळातलंच द्या: “हो, हळू आहे. मग मला कुठली सवलत देणार?” दहा वर्षांचं पोर पाच सेकंदांत तोडगा काढतं: काकांना एक जीव जास्त, काकांचा चौकोन छोटा. तेच वाक्य दुसऱ्या एखाद्या मुलाला टोचायला, पुन्हापुन्हा, खेळाशी संबंध नसताना येत असेल तर मात्र थांबवायचं. मोठ्यांनी आपसात वजन-वय काढायचं नाही. ते रोखठोक नव्हे, आगाऊपणा आहे.

मुद्दाम हरू नका. मुलांच्या ते लगेच लक्षात येतं, कारण मोठा माणूस शिवायच्या दोन पावलं आधीच वेग कमी करतो, हात मात्र पुढे ठेवतो. नंतर मुलं तुमच्याशी खेळत नाहीत, तुम्हाला खेळवतात. त्यापेक्षा अडथळा उघड ठेवा आणि पूर्ण जोराने खेळा: मोठ्यांनी फक्त डाव्या हाताने शिवायचं, मोठ्यांनी लंगडी घालत यायचं (टाच_वर यांची चाचणी पास झालेल्यांनीच), मोठ्यांनी पाच आकडे मोजून मग निघायचं.

वयाचा फरक नियमांतही दिसतो. ज्याँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांबद्दल प्रश्न विचारले होते, ते काम १९३२ मध्ये प्रसिद्ध झालं. लहान मुलांना नियम म्हणजे वडीलधाऱ्यांकडून आलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. दहा-अकराच्या पुढे ‘सगळ्यांना मान्य असेल तर बदलू’ हे कळतं. तुमच्या गटात दोन्ही वयं आहेत. डाव चालू असताना नियम बदलला तर सहा वर्षांचं मूल ‘चीटिंग!’ म्हणून रडेल, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. नियम आधी ठरवा, ठरवायचं काम बारा वर्षांच्यांना द्या. डाव संपेपर्यंत बदल नाही.

---

चुन्याची_रेघ

यात एक भर घालतो. संघ पाडताना दोन कप्तानांनी एकेक नाव घ्यायची पद्धत अजिबात नको. शेवटी उरलेल्याला काय वाटतं ते पोरं बोलून दाखवत नाहीत, मोठीही नाहीत. जुनी जोड्यांची पद्धत घ्या: साधारण सारख्या ताकदीच्या दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं ठेवायची, परत येऊन विचारायचं, “सूर्य हवा की चंद्र?” कप्तान नाव मागतो, माणूस मागत नाही. जोड्या सारख्या असतील तर संघ आपोआप सारखे पडतात.

आणि लिंबूटिंबू विसरू नका. बाद न होणारा, पण सगळीकडे पळणारा भिडू. तो फक्त छोट्यांसाठी असतो असं कोणी ठरवलं? गुडघा दुखत असलेल्याला घरी ठेवण्यापेक्षा लिंबूटिंबू करा. अट एकच, त्याने स्वतः मागायचं, दुसऱ्याने ‘तुम्ही लिंबूटिंबू बरं का’ असं सुचवायचं नाही.

---

रडीचा_डाव

पंचाचा हट्ट सोडला. पण १५ जण आले तर संघ कसे? आणि तास संपला, डाव अर्धा, तेव्हा निकाल कोणाचा?

---

चुन्याची_रेघ

पंधरावा दोन्हीकडून खेळतो: लगोरीत जो संघ फेकतोय त्याच्याकडून, डाव बदलला की तोही बदलतो. दर डावाला नवा माणूस घ्या, नाहीतर एकाचीच दमछाक.

अर्ध्या डावाचा निकाल काढू नका. राज्य कोणावर होतं ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच. तो माणूस त्या दिवशी आलाच नाही तर त्याच्या नावावर तसंच राहतं, सुटत नाही.